पाचवी पत्रावळ

३ फेब्रुवारी, उमापूर
पोचले एकदाची. गेवराईपासून जीपने हाडं खिळखिळी केली, पण फाट्यावर 'डॉ. राजनंदिनी यांचे हार्दिक स्वागत' असा माझ्या चेहऱ्याचा बॅनर दिसला आणि सगळं माफ केलं. असंख्य कणांच्या एकत्रित क्वांटम भौतिकशास्त्रात कोणी कोणाचे बॅनर लावत नाही. इथले बागायतदार सुंदरराव यांचा एकुलता मुलगा अमरसिंह याच विषयावर काम करता करता गेला. त्याच्या नावाचा हा स्मृतिपुरस्कार. तो मिळाला की पुण्यातली माझी नोकरी कायम होईल, म्हणून स्वारी खुशीत आहे.

अमरसिंहची आई, चतुराबाई, यांनी विचारलं की तुम्ही नेमकं करता काय. म्हटलं, एकट्या कणाचं गणित सोपं, पण लाखो एकत्र आले की एकाच्या हलण्याने सगळे हलतात. "मेंढरावानी," त्या म्हणाल्या. आमच्या विद्यापीठात हे इतक्या लवकर कोणाला कळत नाही. मग खायला काय आवडतं ते विचारलं. शेपूची भाजी म्हटल्यावर हसल्या नाहीत, कॅलेंडरवर लिहून घेतलं.

४ फेब्रुवारी
आज अमरसिंहचं श्राद्ध. भर दुपारी गच्चीवर चार पत्रावळ्या मांडल्या. एक त्याची, बाकीच्या पुरस्काराच्या आधीच्या तिघा मानकऱ्यांच्या. मला वाटलं, ते जेवायला यायचेत.

कठड्यावर कावळ्यांची रांग, पण एकही पत्रावळीकडे फिरकेना. सुंदरराव म्हणाले, मुलाची संशोधनाची वही अर्धी राहिलीय, ती पुरी करते म्हणा. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण म्हातारी माणसं तासभर उन्हात उपाशी उभी होती. मी हात जोडून म्हणाले, वही पुरी करते. चारही पत्रावळ्यांवर चार कावळे एकाच क्षणी उतरले.

५ फेब्रुवारी
समारंभ झाला. फेटा, शाल, श्रीफळ, दीड तास भाषणं. शालीबरोबर वहीही हातात दिली.

सभागृहात आधीच्या तिघांच्या तसबिरी आहेत, चंदनाचे हार घातलेल्या. चतुराबाईंना विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, पुरस्कार घेतला की वर्षाच्या आत गेले समदे. आमच्यात माणसं शोधनिबंधावरच्या नावाने ओळखीची, गेली तरी पत्ता लागत नाही. गेल्या वर्षीचे मानकरी अंगद सर, त्यांच्या घरी फोन लावला. बायको म्हणाली, दिवाळीत गेले, हीच वही पुढ्यात होती. मग सुंदरराव येऊन ती घेऊन गेले.

६ फेब्रुवारी
वही वाचली. चूक पहिल्याच पानावर आहे. त्याने प्रत्येक कणाला वेगळं नाव देऊन मोजलंय. एकसारख्या कणांना वेगळी ओळख नसते, हे आम्ही पोरांना सुरुवातीलाच शिकवतो. पुढची दोनशे पानं त्या चुकीवर उभी आहेत. ही वही कधीच पुरी होणार नाही.

समासात तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत हेच लिहिलंय.

मला भीती वाटतेय.

७ फेब्रुवारी
दोघांना खरं सांगितलं. शब्द परत घेते, असंही म्हणाले. सुंदरराव खाली बघत म्हणाले की, दिलेला शब्द परत घेता येत न्हाई. चतुराबाईंना वहीचं आधीच माहीत होतं. पहिल्या मानकऱ्यानेच सांगितलं होतं म्हणे. "लई एकटा पडलाता माझा लेक," त्या म्हणाल्या. "आता सोबत हाय."

उद्या जेवूनच जा म्हणाल्या. खिडकीत कावळे. वही उघडली की गप्प असतात. मिटली की —

८ फेब्रुवारी
बॅग भरली. जीप दारात आहे. वही टेबलावर ठेवली, नेणार नाही.

जिन्यात शेपूचा वास.

गच्चीच्या दारात बसून लिहितेय. पाय उचलत नाहीत. पत्रावळ्या पाच. पाचवीवर शेपूची भाजी. कावळे बसत नाहीत.

चतुराबाई म्हणाल्या, हिची काहीतरी इच्छा राहिलीय. मी ओरडले, मला घरी जायचंय. कोणी वळून पाहिलं नाही.

सुंदरराव पाचव्या पत्रावळीपुढे वाकले. हात जोडले. तिलाच म्हणाले, पोरी, तुला घरी पोचवतो.

मी इथे आहे, काका, इथे, दारात —

उतरले. पाचही, एकदम, आणि मी