'उपाशीपोटी' या शब्दाबद्दल खुलासा

भोसरी,
मंगळवार, सकाळचे साडेसहा

चाकणचे आमचे वडील मेहुणे श्री. दौलतराव यांस उद्धवचा आदरपूर्वक नमस्कार.

आपली प्रकृती, आपला डावा गुडघा आणि नुकतीच व्यायलेली म्हैस ही तिन्ही ठीक असावीत. सौ. रुक्मिणीबाई दोन महिने होत आले आपल्याकडे विश्रांतीस आहेत. त्यांचेही ठीक असणारच. त्या परत केव्हा येणार, अशी चौकशी मी या पत्रात करीत नाही, याची नोंद घ्यावी. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण आपण फोन स्पीकरवर ठेवून गोठ्यात काम करता आणि माझे खाजगी बोलणे आळीभर होते. रुक्मिणीबाईंना अक्षरओळख नसल्याने हे पत्र आपणच त्यांना वाचून दाखवाल. तेव्हा एक विनंती : जो मजकूर कंसात आहे तो वाचून दाखवू नये. (तो फक्त आपल्यासाठी आहे.)

माझ्या गळ्यातील थायरॉइडची ग्रंथी मंद चालते, हे दीड वर्षापूर्वी निदान झाले, हे आपणास ठाऊक आहे. त्यावर रोज सकाळी एक गोळी घ्यायची. मी ती एक दिवसही चुकवली नाही. कंपनीत एकतीस वर्षे माझे हजेरीचे कार्ड उशिरामुळे एकदाही लाल झाले नाही, तो माणूस गोळी काय चुकवणार? तरीही गुण येईना. ऐन वैशाखात मी स्वेटर आणि कानटोपी घालून फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा सोसायटीच्या वॉचमनने विचारले की, बाबा, गाडी किती वाजताची आहे? पोट साफ होईना, भुवया विरळ झाल्या, पाय जड झाले. केशकर्तनालयात मला अशी झोप लागली की न्हाव्याने पुढच्या दोन गिऱ्हाइकांना शेजारच्या खुर्चीत उरकले आणि मला पंखा लावून दिला. जुन्या डॉक्टरांनी दोन वेळा गोळीची ताकद वाढवली. रक्ताचा आकडा जागचा हलला नाही. (खरी गोष्ट याहून वाईट होती. मारुतीच्या पारावर ज्योतीराम पाटलांनी मला सहज विचारले की, उद्धवराव, तुम्ही कोणत्या मशीनवर होता? आणि ज्या मशीनपाशी मी एकतीस वर्षे उभा राहिलो तिचे नाव मला आठवेना. मी खोकल्याचे निमित्त करून उठलो. घरी येऊन माझे पूर्ण नाव, पत्ता आणि हजेरी क्रमांक तीन वेळा कागदावर लिहून पाहिला. बरोबर आला. पण आपल्या थोरल्या चुलत्यांचे शेवटी काय झाले होते ते आपण दोघांनीही पाहिले आहे. ते पोटच्या पोराचीही ओळख विसरले होते. मला वाटले, आता माझी पाळी.)

या मनःस्थितीत मी रुक्मिणीबाईंवर एक आरोप केला. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि माझ्या गोळ्या एकाच स्टीलच्या डब्यात असतात, तेव्हा त्या मला रोज चुकीची गोळी देत असाव्यात, असे मी सुनेसमोर म्हणालो. त्यावर त्या फक्त एवढेच म्हणाल्या, "आता तुमचा डबा तुमीच सांभाळा." आणि पिशवी भरू लागल्या. मी त्यांना चाकणच्या बसची वेळ सांगितली. (ती सांगायला नको होती.)

त्यानंतरच्या आठवड्यात सुनेने, म्हणजे रश्मीने, मला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. वय फार तर तीस, नाव डॉ. तनुजा. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारले की, आजोबा, सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते क्रमाने सांगा. असा प्रश्न मला आजवर एकाही डॉक्टराने विचारला नव्हता. मी खुर्चीत सरळ बसलो आणि जॉब कार्डावर लिहितात तसे सांगितले. पहाटे साडेपाचला उठणे. तोंड धुणे. एक कप दुधाचा चहा, दोन राजगिऱ्याच्या वड्या, मूठभर भाजलेले शेंगदाणे. त्याच चहाबरोबर थायरॉइडची गोळी आणि गुडघ्याची कॅल्शियमची गोळी, दोन्ही एकदम, म्हणजे वेळ वाया जात नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "आजोबा, ही गोळी उपाशीपोटी घ्यायची असते."

मी म्हणालो, "मी उपाशीपोटीच घेतो. यात उपासाला न चालणारे काय आहे?"

दौलतराव, आपणच न्याय करावा. मी बेचाळीस वर्षे संकष्टी करतो. उपासाला चहा चालतो, दूध चालते, राजगिरा आणि शेंगदाणे चालतात, हे महाराष्ट्रात कोणीही सांगेल. जुन्या डॉक्टरांच्या छापील कागदावर स्वच्छ अक्षरांत 'उपाशीपोटी' असा शब्द होता आणि मी तो अक्षरशः पाळला. पोळी आणि पोहे मी दीड वर्ष सकाळी नऊपर्यंत वर्ज्य केले! डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग त्यांनी समजावून सांगितले की दूध, चहा आणि विशेषतः कॅल्शियम ही गोळी अंगी लागूच देत नाहीत. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे तासभर काही नाही, आणि कॅल्शियम थेट रात्रीच्या जेवणानंतर. मी म्हणालो की, मग तसे लिहायला हवे होते. त्यांनी ते मान्य केले. आता त्यांच्या कागदावर 'नुसत्या पाण्याबरोबर, चहासुद्धा नाही' असे छापले आहे. आमच्या वेळची चौथी काय होती, ते यावरून दिसून येते.

गोळी आता पोहोचणार म्हणून त्यांनी तिची ताकद एक पायरी कमी करून दिली. सहा आठवड्यांनी रक्त तपासले. काल आकडा आला, तो नेमका दोन रेघांच्या मध्ये. कानटोपी पेटीत गेली. पोटाबद्दल अधिक लिहीत नाही, समाधान आहे. (परवा दाढी करताना, कोणी विचारलेले नसताना, माझ्या तोंडून आपोआप निघाले : कॅप्स्टन लेथ. मी दोनदा म्हणालो. मग तसाच साबण लावलेल्या तोंडाने पाटावर बसून राहिलो. माझे डोके जाग्यावर आहे, दौलतराव.)

वहिनींना नमस्कार. म्हशीला जपावे.

आपला,
उद्धव

ता. क. : गोळी साडेपाचला, चहा साडेसहाला. मधला हा एक तास फार लांब असतो. रश्मी सातला उठते. पेपर पावणेसातला येतो. या तासात घरात दुसरे कोणी जागे असते, तर बरे झाले असते.

दुसरा ता. क. : येत्या गुरुवारी मी दहाच्या बसने चाकणला उतरतो आहे. परतीच्या दोन जागा लागतील असे धरून चाललो आहे. न लागल्यास एकच घेईन.

तिसरा ता. क. : पहिल्या दिवशी, औषधाच्या दुकानातून येतानाच, रुक्मिणीबाई मला म्हणाल्या होत्या, "त्या दुकानदारानं सांगितलंय, गोळीवर च्या पिऊ नगा." मी त्यांना विचारले होते, "तुम्ही शाळा किती शिकलात?" हा मजकूर मी प्रथम कंसात लिहिला होता. आता दोन्ही कंस खोडले आहेत. मोठ्याने वाचावा.