जिताड्याला सरकीची पेंड

१४ जुलै १९९१
खान्देशातल्या तमाम बंधू-भगिनींनो! समुद्राचा मासा आपल्या ताटात येतो तो दोन दिवस बर्फात झोपून. किती दिवस सोसायचं?
सभांच्या सवयीने लिहून गेलो. वहीसमोर मी एकटाच आहे.
पेणहून जिताड्याची चाळीस पिल्लं आणली. खाडीचा मासा, पण गोड्या पाण्यातही जगतो. चाळीसगावपर्यंत डबा मांडीवर. वीटभट्टीच्या जुन्या खड्ड्यात सोडली.

२ ऑगस्ट
माशांच्या आहाराचं इंग्रजी पुस्तक संपवलं. जिताड्याला जवळजवळ निम्मं खाणं प्रोटीनचं लागतं, तेही मासळीच्या कुटाचं. म्हणजे पुन्हा किनाऱ्याची गुलामी! आपल्या सरकीच्या पेंडीत प्रोटीन नाही? म्हशीच्या वाट्यातली पेंड माशांकडे वळवली. मी सभांना असतो, म्हणून खाणं टाकायचं काम लिलाबाईकडे. ती म्हणाली, मनी म्हैस दूध देस, तुमना मासा काय देस? बायकोला दूरदृष्टी नाही.

१० सप्टेंबर
पिल्लं कमी दिसतात. मोठा मासा खोल राहतो. प्रगती.

५ नोव्हेंबर
पुस्तक म्हणतं, पोटात किती गेलं ते सोडा, पचलं किती ते बघा. (भाषणांनाही लागू. विचार करणे टाळले.) पद्धत सोपी: न पचणारी वस्तू खाण्यात मिसळायची आणि विष्ठेत शोधायची. आजपासून पेंडीत गेरू.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
चहाची गाळणी घेऊन तासभर पाण्यात. लाल काहीच सापडलं नाही. निष्कर्ष: शंभर टक्के पचन. पठ्ठ्यांनी गेरूसुद्धा पचवला!
लिलाबाईला नवी गाळणी हवी आहे.

२० जानेवारी १९९२
पहूरची सभा गाजली. जिताडा पाळायला तीस शेतकऱ्यांनी हात वर केले. १६ फेब्रुवारीला धुळ्याच्या मेळाव्यात मासे तोलून दाखवीन, असा शब्द दिला. तिथल्या देवचंद आबांनी तर उभा हरभरा मोडून खड्डा खणायला घेतलाय.

१५ फेब्रुवारी, दुपारी
तापीवर मासेमारी करणारे कादरभाई आले. पाच वेळा जाळं टाकलं. पाचही वेळा तोच एक मासा. सव्वा किलोचा. कादरभाई म्हणाले, भाऊ, बाकीचे याच्याच पोटात. उपाशी ठेवला की हा भावालाही सोडत नाही.
उपाशी? साक्षीला लिलाबाईला बोलावलं. तिने गोठ्यामागे नेलं. भिंतभर गोवऱ्या. सगळ्या तांबूस.
मासा पेंडले तोंडच लावेत नई, म्हणाली. म्हनीसन बठ्ठी पेंड म्हैसले घाली. दूध बी वाढनं.

संध्याकाळी
सव्वा किलोचा मासा उंच धरला तर उद्या टाळ्या पडतील. धुळ्यात कुणाला गोवऱ्या दिसणार?
पण आबांचा हरभरा डोळ्यांपुढून हलत नाही.
वीस पानांचं भाषण फाडलं. आता उरलं एवढंच:
बंधू-भगिनींनो, मी चाळीस मासे उपाशी ठेवले आणि म्हैस पोसली. वाचला तो भावंडं खाऊन वाचला. पिल्लं आणू नका. सोमवारी सकाळी पहूरला, देवचंद आबांचा खड्डा बुजवायला, फावडं घेऊन या.