पंक्चर न होणारी सायकल

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक (बाबांचा गुडघा सोडून, त्याचं पुढे येतंच आहे), तिकडे तुमची तब्येत आणि ताईची कंबर बरी आहे असं धरून चालतो. तुम्ही पाठवलेले बिनट्यूबचे टायर आणि रिमवर लावायची पट्टी मिळाली. आता फक्त व्हॉल्व्ह आणि टायरमध्ये भरायचं, पंक्चर बुजवणारं सीलंट तेवढं तू घे, असं तुम्ही फोनवर म्हणालात. त्या ‘फक्त’ आणि ‘तेवढं’बद्दल हे पत्र आहे.

बाबांचं तुम्हाला ठाऊक आहे. दर शनिवारी वाचनालयात जातात आणि दर शनिवारी येताना पंक्चर, तेही लाकडाच्या वखारीपाशीच, कारण तिथे खिळे पडलेले असतात. मग सायकल ढकलत दिवेलागणीला घरी, आणि रविवारभर गुडघ्याला शेक. शेवटी आईने सांगून टाकलं की आणखी एक पंक्चर झालं तर सायकल भंगारात. सायकल नाही म्हणजे दिवसभर बाबा घरात, आणि ते (आईला, मला आणि खुद्द बाबांना) झेपणारं नाही. म्हणून मी हे काम अंगावर घेतलं.

दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, रिम किती खोल आहे? विहीर सोडून कशाची खोली असते हे मला नवीन होतं. अंदाजाने व्हॉल्व्ह आणले, तर रिममधून नाक तेवढं बाहेर आलं, नट लावायला जागाच नाही. दुसऱ्या खेपेला बाबा बरोबर आले आणि पितळेचेच घे म्हणून अडून बसले (काही सीलंट ॲल्युमिनियम खातं, असं दुकानदारही म्हणाला, त्यामुळे बाबा घरी येईपर्यंत तेच बोलत होते). हे लांबीला बसले, पण आतली पिन निघेना, आणि पिन निघत नाही तर सीलंट ओतायचं कुठून? तिसऱ्या खेपेला दुकानदाराने मला आधी पाणी दिलं, मग पिन निघणारे व्हॉल्व्ह दिले.

सीलंटचं तेच. पहिलं अमोनियाचं, त्याच्या वासाने आईने बाटलीसकट मला गॅलरीत काढलं. मग बिनवासाचं घेतलं, दिसायला थेट दूध. (फ्रिजमध्ये ठेवू नये, असं बाटलीवर लिहिलेलं नाही. लिहायला हवं.)

हातपंपाने टायरचा काठ रिमवर बसेना, मी मेटाकुटीला आलो. शेवटी मोटारींच्या टायरवाल्याकडे चाकं नेली, त्याने यंत्र लावून बसवून दिली. घरी येऊन सीलंट भरलं. हवा जरा जास्त वाटली म्हणून पिन दाबली. हवा सोडताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवायचा असतो, हे मला चष्मा पुसताना कळलं. वाळत घातलेल्या चादरीवर पांढरी नक्षी उठली. सीलंटला भोक दिसलं की बुजवायचं एवढंच कळतं. माझ्या शर्टाची काजंसुद्धा त्याने सोडली नाहीत.

पण जमलं बरं का. सगळ्यांसमोर मी मागच्या टायरमध्ये खिळा ठोकून उपटला. फुस्स झालं, पांढरा फेस आला, चाक गरगरा फिरवलं आणि भोक बंद. आई म्हणाली, “चला, आता शनिवारी उशीर व्हायला काही कारण नाही.” बाबा नुसते “हं” म्हणाले. या वयात माणसाला आनंद पटकन दाखवता येत नाही.

तुमचा मेहुणा

ता. क. : ती चादर ताईनेच दिलेली. तिला सांगू नका. पत्र टाकायला बाबांकडे देतोय.

ता. क. (सासऱ्यांकडून) : जावईबापू, अनेक आशीर्वाद. पोराने काम चोख केलं, तीच अडचण झाली आहे. शनिवारी वखारीत आम्ही चौघे मित्र पत्ते खेळतो. पंक्चर एकदाच झालं होतं, बाकीची मी सांगितली. आता डाव रंगात आला की मला उठावं लागतं, आणि माझ्यावाचून त्या तिघांचाही खेळ मोडतो. तरी मेहुण्याला एवढं कळवा की सीलंट वाळतं, म्हणून दर शनिवारी दुकानात दाखवावं लागतं आणि तिथे बराच वेळ मोडतो. (वाळतं हे खरं आहे, तेव्हा तुम्हाला अर्धंच पाप.)

ता. क. (सासूबाईंकडून) : पाकीट मेजावर टाकून हे डिंक शोधताहेत. डिंक माझ्याकडे आहे. वखारीचं मला केव्हापासून माहीत आहे. सायकलवर बसून येतात आणि कोपऱ्यावर उतरून ढकलायला लागतात, ते गॅलरीतून दिसतं. गुडघा ढकलून दुखत नाही, तिथे फरशीवर मांडी घालून दुखतो. भंगाराचं मी बोलले ते त्या गुडघ्यापायी. तुम्ही यांनी सांगितलंय तसंच लिहा, आणि घडीच्या खुर्च्या वखारीच्या पत्त्यावर पाठवा. चार पाठवा, एकट्याला दिली तर हे बसायचे नाहीत. मुलालाच सांगितलं असतं, पण तो खुर्च्या निवडायला जाईल.