बुटांचा जोड

ता. ८ नोव्हेंबर, शनिवार

चि. धाकट्यास,

तुझं पार्सल पोचलं, पत्रही पोचलं. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. पुढे आशीर्वादही लिहितात. ते तुला अण्णांकडून मिळतातच, माझ्याकडे सध्या शिल्लक नाहीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

बूट सुंदर आहेत. काळे, आतून मऊ, अगदी अण्णांच्या मापाचे. जन्मभर चपलेपलीकडे काही न घातलेला माणूस, पण कारखान्याच्या जनसुनावणीला चार लोकांत नीट दिसावा हा तुझा विचार बरोबरच आहे. साहेबांचे वडील म्हटल्यावर तेवढं हवंच.

माझी शिवण चालू आहे. शाळेच्या गणवेशांची घाई संपली, आता घरचं काढलंय. अण्णांच्या सगळ्या पायजम्यांची एकेक बाजू आखूड करायची आहे.

तू लिहितोस, अण्णांनी मंचावर जाऊन दोनच वाक्यं बोलायची. "याच नाल्याच्या पाण्यावर माझी रोपवाटिका वाढली. मला कधी काही झालं नाही." वा! कारखान्याला दुसरं युनिट हवं, लोकांची हरकत नको, आणि लोक ऐकणार ते अण्णांचं, कारण निम्म्या वस्तीच्या अंगणातली झाडं त्यांच्या हातची. बढती मिळून मुख्य कचेरीत गेल्यापासून उंटावरून शेळ्या हाकायला तुला चांगलं जमायला लागलंय.

अण्णांच्या पायावर फावडं पडल्याचं मी तुला गेल्या महिन्यात कळवलं होतं. तुझं उत्तर आलं, "बरणीतल्या गोळ्या चालू ठेवा." ठेवल्या. तुला या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हापासून ती बरणी आपल्या स्वयंपाकघरात आहे. तू ओंजळीओंजळीने आणायचास. मग या घरात कोणी शिंकलं तरी एक गोळी, दाढ ठणकली तरी एक गोळी, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद. शेजारीसुद्धा वाटीभर साखर मागावी तशा मागायला यायचे. अण्णा ऐटीत द्यायचे, "न्या हो, घरचंच आहे."

पाय बांधून ते तसेच नाल्याच्या चिखलात उभे राहून रोपांना पाणी देत राहिले. ओरडून माझा घसा बसला. पाय सुजून काळानिळा झाला, ताप डोक्यात चढला, तेव्हा कुठे दवाखान्यात आले.

तिथली डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची असेल. जखमेतला पू तपासून आला होता. कोणकोणती औषधं या जंतूंवर चालत नाहीत, त्यांची नावं ती खाटेशी उभी राहून मला वाचून दाखवत होती. अण्णा पडल्यापडल्या ऐकत होते. पहिल्या नावाला म्हणाले, "हे आमच्या मुलाच्या कारखान्यातलं." दुसऱ्याला म्हणाले, "हेही त्याच्याकडचंच." अरे, तापाने फणफणलेला माणूस कौतुकाने सांगत होता! तिसऱ्या नावाला तिने कागद खाली घेतला.

"आजोबा, रोपवाटिका कुठे आहे तुमची?"

त्यांनी सांगितलं. तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "त्या नाल्यात औषधच वाहतंय, आजोबा. तिथले जंतू रोज ते पिऊन निर्ढावलेत. माझ्या इंजेक्शनांना भीकही घालत नाहीत. त्या भागातून येणारे तुम्ही काही पहिले नाही."

तुला हे नवीन नाही. गेल्या खेपेला जेवताना तूच सांगत होतास, कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र तपासणीची माणसं यायची असली की चालू, ती गेली की बंद, नाहीतर एवढं विजेचं बिल कोण भरणार? अण्णांना धड कळलं नाही. मुलगा हसतोय म्हणून तेही हसले आणि तुला आग्रहाने आणखी भात वाढला. मी म्हटलं, "अरे, ते पाणी अण्णांकडेच येतं ना?" तू म्हणालास, "ताई, तू तुझी शिवण कर."

करते आहे.

तू समोर असतास तर कानाखाली एक ठेवून दिली असती. लहानपणी तुला कडेवर घेऊन याच नाल्यात मासे दाखवले होते मी. आज तिथे बेडूकसुद्धा ओरडत नाही. तुझा मला इतका राग येतो की रात्री दात दुखतात, आणि बरणीतली गोळी घ्यायची भीती वाटते.

गेल्या आठवड्यात शुद्धीवर आल्यावर अण्णांनी पांघरुणाखाली हात घालून पाहिलं. मग पहिलं काम काय केलं, तर मला शपथ घातली. "सुनावणी होईपर्यंत त्याला कळवायचं नाही. त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. घाबरेल पोरगं." फोनवर तुला ते "बरा आहे" म्हणतात ते त्यामुळेच. मीही शपथ मोडणारी नाही. पांघरुणाखाली त्यांना काय सापडलं नाही, ते या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. शोधून पाहा.

अण्णा सुनावणीला येणार आहेत. मी नको म्हणून पाया पडले, ऐकत नाहीत. तुझी दोन वाक्यं पाठ करत असतात. "मला कधी काही" इथपर्यंत आलं की थांबतात, मग पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांना दारापर्यंत आणीन. मंचाच्या पायऱ्या तू चढव, सगळ्यांच्या देखत. मी हात लावणार नाही.

उजवा बूट ठेवून घेतला आहे. डावा सोबत परत पाठवते. एकटा बूट दुकानदार घेणार नाही, तेव्हा तो तुझ्या टेबलावरच राहू दे.

अण्णांनी एकच गोष्ट तुला विचारायला सांगितली आहे. तिथे बोलताना उभं राहावं लागतं का?

तेवढं कळव.

अजून तरी तुझी,
ताई