दारात चालू ठेवलेली स्कूटर

रविवार, संध्याकाळ

हे गेल्यानंतर आज पहिल्यांदाच त्यांची जुनी स्कूटर घेऊन माहेरी तामलवाडीला गेले. सकाळी एका किकमध्ये चालू झाली होती. चहा पिऊन निघाले तर चालूच होईना.

दादानं प्लग काढला, तर पेट्रोलनं ओला. म्हणाला, "बंद केल्यावर इंजिनची धग कार्बोरेटरला लागती अन् पेट्रोल जादा उतरतं. गार होस्तवर न्हाय चालू व्हायची. रोग जुना दिसतोय."

जुना. म्हणजे तेव्हाही होताच.

मला सोडायला आले की हे दारात गाडी चालूच ठेवायचे. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हे बसल्या बसल्याच "येतो" म्हणून निघायचे. जावयाला आपलं घर कमी वाटतं, असं आई समजायची. मलाही वाटायचंच की. सासरवाडीच्या दारात किक मारत उभं राहायची लाज वाटत असेल का? मला तरी सांगायचं. गाडी चालूच ठेवायचे...

आईला सांगितलं.

"मंग गार होस्तवर बसायचं की गं," ती म्हणाली. "तेवढ्यात जेवण झालं असतं त्येंचं."