तटावरून एल्वास दिसतं

बाबा,

आपल्या एल्वासचं प्रसूतिगृह बंद झालं, म्हणून ताईला सीमेपलीकडे स्पेनमध्ये, बादाहोसला आणावं लागलं. "स्पेनकडून वारा आला तरी वाईटच. तिथे जन्मलेलं नातवंड माझं नाही," असं म्हणून तुम्ही घरीच राहिलात.

डॉक्टरीणबाईंनी सकाळी चालायला सांगितलं, म्हणून आम्ही किल्ल्याच्या तटावर फिरलो. तिथून आपलं गाव दिसतं. हा तट अरबांनी बांधला, असं मी सांगितलं. कळ सोसत ताई हसली, "मग ही जागा तरी स्पेनची कुठे? सांग बाबांना, पदवीधर बाई!"

दुपारी बाळाचे ठोके मंदावले. ऑपरेशनला नेताना तिने विचारलं, "बाबा?" मी म्हणाले, "वाटेत आहेत."

पत्राला वेळ लागेल, म्हणून हे इथेच थांबवून फोन लावतेय. उचला, बाबा. मला खोटी पाडू नका.

तुमची,
लिदिया