ताईचा रिपोर्ट चांगला आला

स्नेहल बाळा,

नगरला माझ्या छातीतल्या गाठीत बारीक सुई घालून थोड्या पेशी काढल्या. गाठ कॅन्सरची निघाली. मग रक्त तपासलं, तेव्हा कळलं, की जनुकातला बिघाड माझ्यात जन्मापासूनच आहे. डॉक्टर म्हणाले, "बहिणीची, मुलींची तपासणी करून घ्या." मी म्हणाले, "बहीण आहे. मूलबाळ नाही."

मग ताईचं रक्त तपासलं. तिच्यात काही निघालं नाही. काल फोनवर काय हसलीस तू! "मावशी, आई सुटली म्हणजे मीबी सुटले." मी "व्हय बाई" म्हणाले आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशीच बसून राहिले.

तू सुटली नाहीस, स्नेहल. मी बिनलग्नाची असताना काष्टी गावात तुला जन्म दिला आणि बाराव्या दिवशी ताईच्या ओटीत घातलं.

आज सकाळी ताईला विचारलं, "सांगू का पोरीला?" ती म्हणाली, "सव्वीस वर्षं मी तिची आई हाय. आधी मला मार, मग सांग."

हे तिसरं पत्र. आधीची दोन ट्रंकेत पडून आहेत. मी अशीच गप्प राहिले, तर एक दिवस तुझ्याही गाठीत सुई जाईल, रक्तात हाच बिघाड निघेल, आणि तू कुणाच्या पोटची ते तुला ती सुईच सांगेल.

तुझी,
बनूमावशी